सुंदराबाईचा विसावा हिस्सा

परळ नाक्यामागच्या तेलवाली चाळीत कुणी कुणाला तोंडावर पगार विचारत नाही. सभ्यपणा वगैरे काही नाही, विचारायची गरजच पडत नाही. बुद्धपौर्णिमेला चाळीच्या विहारात माइकवरून नावं आणि रकमा वाचल्या जातात. ऐकणाऱ्याने रकमेला वीसने गुणायचं, की झालं.

रीत जुनी आहे. कमाईचा विसावा हिस्सा समाजासाठी काढावा ही बाबासाहेबांची शिकवण चाळीतल्या जुन्या माणसांनी मनावर घेतली. पौर्णिमेच्या आधीच्या महिन्यात हातात जे येईल त्याचा विसावा हिस्सा वर्षातून एकदा विहारात द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. त्या पैशांवर तळमजल्याची अभ्यासिका चालते. परीक्षांची पुस्तकं, पंखे, विजेचं बिल सगळं त्यातूनच. रकमा मोठ्याने वाचायची पद्धत पडली ती गिरणीच्या दिवसांत. तेव्हा सगळ्यांचे पगार सारखे, त्यामुळे रकमाही सारख्या, आणि ऐकता ऐकता माणसं पेंगायची. आता कुणी पेंगत नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा राजेश चोवीसशे देतो आणि दोन विषयांत एम. ए. झालेली, कॉलेजात तासांवर शिकवणारी मानसी साडेसहाशे देते, तेव्हा शिक्षणाबद्दल मुलांना काय सांगायचं हे आईबापांना सुचत नाही. पालिकेच्या इस्पितळात कायम झालेला सम्यक एकतीसशे देतो आणि त्याच्या आईची मान वर्षभर ताठ राहते. वकील हेमचंद्र दर वर्षी पाचशे देतात. वीसने गुणलं तर वकीलसाहेब कधीच उपाशी मरायला हवे होते, पण त्यांनी मधल्या काळात गाडी घेतली. राजेशने बहिणीचं लग्न जमवायचं होतं त्या वर्षी हजार रुपये जास्त दिले होते. स्थळ चांगलं मिळालं. लोक सगळं जाणून असतात आणि बोलत काही नाहीत. प्रत्येकाचा काही ना काही हिशेब असतोच.

या सगळ्यात सुंदराबाई तांबे यांचं नाव कधी वाचलं गेलं नव्हतं. चाळीत येऊन त्यांना पस्तीस वर्षं होऊन गेली. त्यांचे यजमान रामदास बसचे कंडक्टर होते, निवृत्त होईपर्यंत घराच्या नावाने त्यांचीच रक्कम वाचली जायची. पुढे मुलगा अजित मोबाइलच्या दुकानात मॅनेजर झाला आणि त्याचं नाव वाचलं जाऊ लागलं. सुंदराबाई मागे बायकांत बसून टाळ्या वाजवायच्या.

आता सुंदराबाई काही रिकाम्या बसणाऱ्यातल्या नव्हत्या. होळी सरली की त्यांचा मसाल्याचा मोसम सुरू व्हायचा. ज्यांना वर्षाचा मसाला करून ठेवायचा असतो पण वेळ नसतो, अशी दादर-माटुंग्याची घरं त्यांनी बांधून ठेवली होती. लालबागेतून मिरची निवडून आणायची, गच्चीवर उन्हात घालायची, देठं काढायची, धणे-खसखस-दगडफूल वेगवेगळं भाजायचं. मग पोती डंकावर न्यायची आणि कुटून होईस्तोवर समोर बसून राहायचं, नाहीतर डंकवाला कुणाचा मसाला कुणाच्या डब्यात घालेल सांगता येत नाही. चाळून, बरण्यांत दाबून भरून, वर हिंगाचा खडा ठेवून घरपोच. एप्रिल-मे हे दोन महिने त्यांच्या अंगाला साबणाने जाणार नाही असा मिरचीचा वास यायचा आणि डोळे कायम लाल असायचे.

पण घरात या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं. रामदासचा पगार होता, अजितचा पगार आहे. सुंदराबाईंचे आपले 'मसाल्याचे पैसे'. त्यांतून फ्रिज आला, अजितच्या कोर्सची फी गेली, रामदासच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तरी ते मसाल्याचे पैसेच राहिले. रामदास वाईट माणूस नव्हता. आयुष्यभर त्याने मान मोडून ड्यूटी केली, दारू पिऊन कधी दारात पडला नाही, बायकोवर हात उगारला नाही. फक्त पगार म्हणजे जो सही करून घेतात तो, अशी त्याची साधी समजूत होती. ती त्याच्या डोक्यातून काढायची कुणाला गरज वाटली नव्हती. सुंदराबाईंनाही वाटली नव्हती, किंवा वाटली तरी त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

यंदा विहाराचा जमाखर्च नम्रताकडे आला. नम्रता म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या मायाची मुलगी, एका ऑडिटच्या कंपनीत कामाला, वय सत्तावीस. तिने पहिल्याच सभेत ठराव मांडला, की आजवर घरटी एक रक्कम येते, ती आता माणशी यावी. कमावणाऱ्या बायकांनी आपापल्या नावाने द्यावी. पुरुषांनी माना डोलावल्या, कारण आकडा वाढणार होता. मग नम्रता दारोदार जाऊन बायकांना सांगत सुटली. तांब्यांच्या दारात आली तेव्हा सुंदराबाई देठं काढत बसल्या होत्या आणि रामदास कॉटवर पेपर वाचत होता.

"मावशी, तुमचं पाकीट वेगळं हं," नम्रता म्हणाली.

"तिचं कसलं वेगळं?" रामदास पेपराआडून म्हणाला. "ती काय कुठे नोकरीला आहे? घरातल्या घरात चाललेलं असतं तिचं."

त्याच्या मनात खोट नव्हती, म्हणूनच ते बोलणं जास्त झोंबलं. सुंदराबाईंच्या हातातली मिरची मध्ये तुटली. बोट डोळ्याला लागलं असं सांगून त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि नम्रताला म्हणाल्या, की देते मी, माझं नाव लिही. त्या क्षणी त्यांना जगात दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, माइकवरून आपलं नाव ऐकायचं होतं, आणि ते ऐकताना रामदास तिथे बसलेला हवा होता.

किती द्यायचं हे मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. नियम त्यांना पाठ होता: महिन्यात हातात जेवढं आलं त्याचा विसावा हिस्सा. एप्रिलात त्यांच्या हातात सव्वा लाख आले होते, काही रोख, काही अजितने घेऊन दिलेल्या फोनवर. त्यांतले लाखाच्या वर लालबागच्या मिरचीवाल्याकडे, वाण्याकडे आणि डंकवाल्याकडे गेले होते, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या मनाशी म्हणाल्या, की रामदासने कधी नोकरीपायी होणारा खर्च वजा केला होता? त्याचा डबा, त्याची पान-तंबाखू, युनियनची वर्गणी, काहीच वजा न करता तो पुऱ्या पगाराचा हिस्सा द्यायचा. मग मिरचीचे पैसे आपण का वजा करायचे? शिवाय पाकीट द्यायचं ते पंचशील म्हणून झाल्यावर. तोंडाने 'मुसावादा वेरमणी' म्हणायचं, म्हणजे खोटं बोलणार नाही अशी शपथ घ्यायची, आणि लगेच हातचं राखून पैसे द्यायचे, हे हेमचंद्र वकिलांना जमत असेल, सुंदराबाईंना जमणारं नव्हतं. त्यांनी सहा हजार अडीचशे रुपये मोजून पाकिटात घातले. चिकटवण्याआधी ते पुन्हा एकदा मोजले, कारण दोन महिने राबून जे हाताशी उरतं त्यातलेच ते होते. पण पाकीट चिकटवल्यावर बरं वाटलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरून गेला होता. वंदना झाली, खीर वाटून झाली, लहान मुलं बाहेर पळाली आणि मोठी माणसं सावरून बसली, कारण आता नम्रता यादी वाचणार होती. सम्यकचे एकतीसशे, राजेशचे चोवीसशे, वकिलांचे पाचशे. तोवर सगळं रीतसर चाललं होतं. मायाने या वर्षी पहिल्यांदा आपल्या नावाने सातशे दिले होते. दादरला साडीच्या दुकानात दिवसभर उभं राहून तिला चौदा हजार मिळतात. अजितचे दोन हजार. आणि मग नम्रता वाचताना अडखळली. तिने पुन्हा एकदा पाहिलं आणि वाचलं, "सुंदराबाई रामदास तांबे, सहा हजार दोनशे पन्नास."

टाळी वाजायला थोडा वेळ लागला, कारण सगळे गुणाकारात होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ उघडली आणि तीच सव्वा लाखाची निघाली. सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या. पुढच्या ओळीत बसलेल्या रामदासने मान वळवली नाही. तो समोरच्या मूर्तीकडे बघत राहिला, पण त्याचे कान लाल झालेले सुंदराबाईंना मागूनसुद्धा दिसले. त्यांना हसू आवरेना. इतका आनंद त्यांना अजित पास झाला तेव्हाही झाला नव्हता, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. जी माणसं मिरचीच्या वाळवणाजवळून तोंड वाकडं करत जायची, ती थांबून चौकशी करू लागली. विम्याचा एजंट येऊन गेला. सम्यकच्या आईने पंचवीस हजार उसने मिळतील का ते आडून आडून विचारलं. अजितसाठी कुर्ल्याचं एक स्थळ आलं, आणि मध्यस्थाने मुलाआधी सासूच्या धंद्याची माहिती विचारली. अजितने आईला काही विचारलं नाही. मोसमात पैसा येतो हे त्याला माहीत होतं, आणि घरात सगळ्यांचं नीट चाललं असेल तर पोरांनी खोलात शिरू नये असं त्याचं धोरण होतं.

सगळ्यात जास्त बदलला तो रामदास. पौर्णिमेच्या दुसऱ्याच सकाळी सुंदराबाई गच्चीवर जायला निघाल्या तेव्हा त्याने मिरचीचं पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तीन जिने चढून वर नेलं. वर गेल्यावर त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण तो तिथेच बसून देठं काढू लागला. दुपारी नाक्यावर कुणाला तरी तो 'मिसेसचा बिझनेस आहे' असं सांगत असल्याचं माया ऐकून आली. चार वाजता त्याने चहा केला. चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा, पण सुंदराबाईंनी तो घोटाघोटाने पुरवून प्यायला. या वयात आपल्याला कुणी आयता चहा देईल ही आशा त्यांनी सोडलेली होती.

आणि हे सगळं चार-पाच दिवस असं छान चाललेलं असताना नम्रता कागद-पेन घेऊन आली. मोठ्या तळमळीने आली होती बिचारी. एवढी कमाई असेल तर मावशी, तुम्हाला आयकराचं बघावं लागेल, असं म्हणून तिने विचारायला सुरुवात केली. मोसम किती महिन्यांचा, गिऱ्हाइकं किती, मिरचीला किती लागले, डंकाला किती. सुंदराबाई सांगत गेल्या आणि नम्रता बेरीज-वजाबाकी करत गेली. शेवटी तिने पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

तिने समजावून सांगितलं ते असं. सव्वा लाख ही कमाई नव्हे, ती उलाढाल. मिरचीवाल्याचे पैसे मावशींच्या हातातून नुसते गेले, त्यांचे ते कधी नव्हतेच. महिनाभराच्या कष्टाचे मावशींचे स्वतःचे उरले साडेअठरा हजार. त्याचा विसावा हिस्सा होतो सव्वानऊशे. मावशींनी सहा हजारांच्या वर दिले, म्हणजे महिन्याच्या कमाईतला तिसरा हिस्सा देऊन टाकला. आणि तोही मोसमातला महिना. पावसाळ्यात तर काहीच नाही.

सुंदराबाईंना पैशांचं वाईट वाटलं, पण तेवढं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर खांद्यावर पोतं घेतलेला रामदास आला.

नम्रता पोरगी समंजस. ती म्हणाली, की दान ते दान, कुणी जास्त दिलं म्हणून कुणी जाब विचारत नाही, हे आपल्या दोघींत राहू दे. ऐकायला गोड होतं. सुंदराबाईंनी दोन दिवस ते मनात घोळवूनही पाहिलं. वकील कमी सांगतात तर आपण जास्त सांगितलं, त्यात कुणाचं काय गेलं? पण त्या दोन दिवसांत रामदासचा चहा त्यांच्या घशाखाली उतरेना. सव्वा लाखवाल्या बाईसाठी तो चहा होता, आणि ती बाई घरात नव्हतीच. खरं सांगितलं तर हा माणूस पुन्हा कॉटवर जाऊन पेपर उघडेल आणि आपलं काम परत घरातल्या घरात चाललेलं होईल, या भीतीने त्यांना शनिवारी जेवण गेलं नाही. खोट्यावर मिळालेला मान ठेवावा तर तो आपला नाही, आणि परत करावा तर हाती काही राहत नाही, अशी त्यांची कोंडी झाली होती.

रविवारच्या वंदनेला पंचशील झालं आणि त्यांचा धीर सुटला. चौथं शील म्हणताना त्यांचा आवाज बाहेर पडेना. सगळे उठायच्या बेतात असताना त्या उभ्या राहिल्या. माइक नव्हता. त्यांनी सांगितलं, की माझा हिशेब चुकला. सव्वा लाख माझे नव्हते, मिरचीवाल्याचे आणि डंकवाल्याचे होते. माझे साडेअठरा हजार.

कुणीतरी मागे फिसकन हसलं. नम्रताने लगेच सांगितलं, की जास्तीचे पैसे समिती परत करील. सुंदराबाईंनी विचारलं, की पैसे अजून आहेत का? तर अभ्यासिकेत नवे दिवे लागले होते. मग राहू द्या, त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी मात्र मी सव्वानऊशेच देणार. तेवढ्यात माया बसल्या जागेवरून म्हणाली, "साडेअठरा काय कमी आहेत गं? बारा तास उभी राहून मला चौदा मिळतात." हसणारा गप्प झाला. बायका आपसांत बोलू लागल्या, आणि तासांवर शिकवणारी मानसी उठून सरळ सुंदराबाईंशेजारी येऊन बसली आणि मसाल्याला माणूस हवं आहे का विचारू लागली. ती चेष्टा करत होती, पण पूर्ण चेष्टाही नव्हती.

रामदास कधी उठून गेला ते सुंदराबाईंनी पाहिलं नाही. घरी आल्या तेव्हा तो कॉटवर बसलेला होता. पेपर मिटलेला होता. त्यांनी चपला काढल्या, साडीच्या निऱ्या उगाच नीट केल्या आणि आता काय ऐकावं लागतं म्हणून उभ्या राहिल्या.

"गच्चीवर किती वाजता जातेस?" त्याने विचारलं.

"सहाला."

"आणि डंकावरनं परत?"

त्यांनी सांगितलं, की नंबर लागेल तसं, कधी आठ, कधी नऊ. मध्ये जेवायला खाली येतात, तेही स्वयंपाक करायलाच. रामदास बोटांवर मोजत होता. मग तो ज्या आवाजात बोलू लागला तो सुंदराबाईंनी फार वर्षांत ऐकला नव्हता. डेपोच्या गेटवर युनियनच्या सभेत तो असा बोलायचा, लग्न झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत त्या एकदा लांबून ऐकून आल्या होत्या.

त्याचं म्हणणं असं, की ही चौदा तासांची ड्यूटी झाली. आठ तासांच्या वर ओव्हरटाइम, तो दुप्पट दराने. आठवड्याची सुट्टी नाही. उन्हाचा भत्ता नाही, आणि आठवडाभर देठं काढून त्याला स्वतःला जो खोकला लागला होता त्याचाही भत्ता नाही. त्याने विचारलं, मजुरी काय घेतेस? किलोमागे एकशेवीस, त्या म्हणाल्या. कधीपासून? लॉकडाऊनच्या आधीपासून. मिरचीचा भाव वाढला की त्या गिऱ्हाइकाकडून वाढीव भाव घ्यायच्या, डंकवाल्याने दर वाढवला की तोही लावायच्या. आपली मजुरी वाढवायची मात्र त्यांना कधी सुचलंच नव्हतं. गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती होतीच.

"आमच्या डेपोत हे चाललं नसतं," रामदास म्हणाला. "एक बस बाहेर पडली नसती. मी या पगारात एक दिवस काम केलं नसतं, सुंदरा."

 'या पगारात' म्हणाला होता तो. पण शब्दापेक्षाही, तो चिडला होता आणि त्यांच्यावर चिडला नव्हता, हे त्यांच्या हळूहळू लक्षात येत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या बाजूने असं कुणाशी तरी भांडायला तो पहिल्यांदाच उभा राहिला होता. त्याने लगेच सदरा चढवायला घेतला. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक कोण? दादरच्या पद्मजाताई. मग तिथूनच सुरुवात, मी येतो आणि बोलतो. सुंदराबाईंनी त्याला खाली बसवलं. घोषणा द्यायला तिथे गेट नाही, त्या म्हणाल्या, आणि माझ्या मजुरीचं मीच बोलणार.

पद्मजाताई दादरला हिंदू कॉलनीत राहत. एका विमा कंपनीतून वरच्या पदावरून निवृत्त झालेल्या, स्वभावाने नीटनेटक्या, चोखंदळ. गोडा मसाल्यात नागकेशर किंचित कमी पडलं तरी त्यांना वासावरून कळायचं. त्यांच्यामुळे त्यांच्या दोन्ही बहिणी, भावजय आणि इमारतीतली सहा घरं सुंदराबाईंकडे आली होती. त्या तुटल्या तर निम्मा मोसम तुटला. हे सगळं माहीत असूनच सुंदराबाई बुधवारी राहिलेल्या बरण्या घेऊन निघाल्या. खोदादाद सर्कल येईपर्यंत त्यांनी दोनशे म्हणायचं ठरवलं होतं. जिना चढताना ते एकशेऐंशी झालं. दारात पद्मजाताईंचे यजमान चिंतामणराव आले, त्यांनी हातातली जड पिशवी घेतली, पाणी आणून दिलं, तेव्हा तर विषयच काढू नये असं वाटू लागलं.

पद्मजाताईंनी बरणी उघडली, वास घेतला आणि यंदा फार सुरेख जमलाय म्हणाल्या. हीच वेळ, हे सुंदराबाईंना कळलं. 

"ताई, पुढच्या वेळेपासून माझी मजुरी किलोला दोनशे होणार," त्या म्हणाल्या. "तो माझा पगार आहे. इतकी वर्षं वाढला नाही."

 पद्मजाताईंनी झाकण लावलं, चष्मा काढला, आणि हसल्या. हसण्यात थोडा ओशाळेपणा होता.

"दर वर्षी मी यांना म्हणते, यंदा सुंदराबाई वाढवून सांगतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगायच्या नाहीत, आणि मग मीही गप्प बसायचे. माझ्या पेन्शनवर मात्र महागाई वाढली की भत्ता वाढायचा." त्यांनी उठून पर्स आणली आणि पुढच्या वेळेची वाट न बघता याच बरण्यांचा नवा दर हातावर ठेवला. बहिणींना मीच सांगते, असंही म्हणाल्या.

सुंदराबाई जिना उतरल्या त्या काही वेगळ्याच विचारात. आनंद झाला होता, पण आनंदाखाली राग होता. म्हणजे यांना सगळं माहीत होतं. कदाचित सगळ्याच घरांना माहीत असेल, दर वर्षी बरणीचं झाकण उघडताना माहीत असेल. फक्त आपणच आपली मजुरी मागायला घाबरत राहिलो. कुणावर रागवावं हे त्यांना ठरवता येईना. पद्मजाताईंवर रागवावं तर त्यांनी एका शब्दाने घासाघीस केली नव्हती. मग त्या स्वतःवरच रागावल्या, आणि रागाच्या भरात टिळक पुलावर शेंगदाण्याची पुडी घेऊन एकटीने सगळी खाल्ली. तेवढ्याने बरंच हलकं वाटलं.

चाळीत पोचल्या तेव्हा रामदास जिन्याच्या तोंडाशीच उभा होता. फार वेळ उभा असावा. शेजारचे दोघे-तिघे त्याच्याभोवती होते, आणि त्यांनाही सगळं कळलेलं दिसत होतं, कारण सुंदराबाई दिसताच सगळे बोलायचे थांबले.

"मागणी मान्य?" रामदासने विचारलं.

"मान्य. लगेच मान्य केली." त्यांनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि कपाळावरचा घाम पुसला. "पण अहो, मला वाटतं, मी कमीच मागितली."

रामदास मोठ्याने हसला. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि जिना चढायला लागला.

"ते तर प्रत्येक पगारदाराला वाटतं," तो म्हणाला.